चिपमधली चूक कशी शोधतात?

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटात चिप असते. ती एकदा तयार झाली की आतली चूक सहसा खोडता येत नाही. अमेरिकेत १९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार काही आकड्यांना चुकतो, हे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी उघडकीस आणले. आतल्या कोष्टकात काही नोंदी राहिल्या होत्या, एवढेच! कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा फटका बसला.

म्हणून आता चिप बनवण्याआधी तिचा आराखडा संगणकावर चालवून हजारो चाचण्या घेतात. त्यात नापास होणाऱ्यांचा ढीग पडतो. आपल्याकडे डीपीचा फ्यूज गेला की वीस मोटारी बंद पडतात. तक्रारी वीस, बिघाड एकच. इथेही तसेच. कृत्रिम बुद्धिमत्ता नापास चाचण्यांच्या नोंदी वाचून एका जातीच्या तक्रारी एकत्र लावते, आराखड्यातल्या कोणत्या बदलापासून बिघाड सुरू झाला असावा तेही सुचवते. इंजिनिअरचे कित्येक तास वाचतात. मात्र हा अंदाजच, कधी साफ चुकतो. डीपी उघडून बघायला वायरमन लागतो, तसा इथे इंजिनिअर लागतोच, आणि आम्हाला तेच बरे वाटते.