'ऑलदो' आलं की 'बट' नको! 'जरी-तरी'च्या सवयीने इंग्रजीत कुठे चुकतं? वाचा सविस्तर

जळगाव, धुळ्यात मराठी माध्यमात शिकून बँक किंवा एसएससीच्या परीक्षेची तयारी करताय? मग 'ऑलदो' हा शब्द नीट समजून घ्या. अर्थ सोपा आहे: 'जरी'. पण 'वाक्यातील चूक शोधा' या प्रश्नात इथेच गुण जाऊ शकतात.

चूक नेमकी काय?

मराठीत 'जरी'सोबत 'तरी' येतो. 'बहिणाबाईंना जरी लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कविता रचल्या.' इंग्रजी करताना आपण 'तरी'च्या जागी 'बट' टाकतो.

❌ ऑलदो बहिणाबाई कुड नॉट रीड ऑर राइट, बट शी कम्पोज्ड पोएम्स.
✅ ऑलदो बहिणाबाई कुड नॉट रीड ऑर राइट, शी कम्पोज्ड पोएम्स.
✅ बहिणाबाई कुड नॉट रीड ऑर राइट, बट शी कम्पोज्ड पोएम्स.

असं का?

'ऑलदो' ज्या वाक्याला लागतो, ते गौण वाक्य होतं. 'बट' मात्र दोन समान दर्जाची वाक्यं जोडतो. एका वाक्याला गौण केलं, की ते पुन्हा बरोबरीने जोडता येत नाही. म्हणून दोन्हींपैकी एकच वापरायचा. 'ऑलदो... यट' ही जोडी मात्र औपचारिक इंग्रजीत चालते. व्याकरणाच्या पुस्तकांत ती दिसली तर गोंधळू नका.

कोणता शब्द कधी?

• दो: अर्थ 'ऑलदो'चाच, बोलताना जास्त वापरतात.
• ईव्हन दो: विरोध ठळक करायचा असेल तेव्हा.
• डिस्पाइट: पुढे पूर्ण वाक्य नाही, नाम येतं. उदा. डिस्पाइट द हीट. 'डिस्पाइट ऑफ' चूक. 'ऑफ' लागतो तो 'इन स्पाइट'ला.
• वेअरअ‍ॅज: दोन गोष्टींतला फरक सांगताना. उदा. भुसावळ इज ऑन द तापी, वेअरअ‍ॅज धुळे इज ऑन द पांझरा.

मुलाखतीतही उपयोग

'आय हॅव डन टू प्रोजेक्ट्स, बट आय अ‍ॅम अ फ्रेशर' म्हटलं, तर शेवटी उणी बाजू लक्षात राहते. त्याऐवजी म्हणा, 'ऑलदो आय अ‍ॅम अ फ्रेशर, आय हॅव डन टू प्रोजेक्ट्स.' माहिती तीच, पण भर तुमच्या कामावर जातो.

लक्षात ठेवा: वाक्याच्या सुरुवातीला 'ऑलदो' दिसला, की स्वल्पविरामानंतर पाहा. तिथे 'बट' असेल तर चूक सापडली!