तिसऱ्या पेडलचा हट्ट

२०१३ साली पोर्शने नवी ९११ जीटी३ फक्त पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आणली, तेव्हा हिशेब सरळ होता. पीडीकेत दोन क्लच असतात, एकावर सम गिअर, दुसऱ्यावर विषम. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद जवळपास तुटतच नाही. माणसाच्या हातापायांना हे जमणे नाही. पुढच्या पिढीच्या जीटी३चे कंपनीचेच आकडे पाहा: शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला पीडीके ३.४ सेकंद घेतो, मॅन्युअल ३.९. तरीही २०१६मध्ये फक्त मॅन्युअल असलेली ९११ आर आली, तिच्या ९९१ गाड्या हातोहात गेल्या आणि २०१७मध्ये जीटी३लाही मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला.

मॅन्युअलची ही ओढ म्हणजे निव्वळ गतकातरता, असा आक्षेप घेतला जातो. ९११ आरच्या बाबतीत दुर्मिळतेची हाव होतीच, पण जीटी३ तशी मोजून काढलेली गाडी नव्हती. खरा मुद्दा असा, की साध्या रस्त्यावर अर्ध्या सेकंदाचा उपयोग काय? तिथे गाडीचा वेग आधीच गरजेपेक्षा जास्त असतो, कमी पडते ते चालकाला काम. ऑटोमॅटिकमुळे लक्ष स्टिअरिंग आणि ब्रेककडे राहते, हे म्हणणे मात्र रेसट्रॅकवर बिनतोड आहे. गंमत म्हणजे आजच्या कित्येक मॅन्युअल गाड्यांत खालचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे कॉम्प्युटरच जुळवून देतो. हट्टी शौकीन ती सोय आधी बंद करतात.