विश्लेषण : देव नाही, तर पहिला जीव आला कुठून? नास्तिकांचे उत्तर काय?

शहाडच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघतो. अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीत रिॲक्टरमधून रोज रसायने बाहेर पडतात. एका पदार्थापासून दुसरा पदार्थ होणे, यात उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात कोणाला नवल वाटत नाही. पण निर्जीव पदार्थापासून जीव? ‘देव नाही म्हणता, मग पहिला जीव कोणी केला?’ हा प्रश्न नास्तिकांना हमखास विचारला जातो. त्यांचे उत्तर काय, त्याला विज्ञानाचा आधार किती आणि ते कुठे अडते, याचा हा आढावा.

प्रश्न उत्क्रांतीचा आहे का?

नाही. एका जीवापासून निरनिराळे जीव कसे झाले, हे उत्क्रांतीचा सिद्धान्त सांगतो. पहिला जीव मुळात कसा आला, हा जीवोत्पत्तीचा प्रश्न वेगळा आहे. उत्क्रांतीचे पुरावे भक्कम आहेत. जीवोत्पत्तीबाबत मात्र अनेक दुवे अजून सापडायचे आहेत. वादात या दोन्हींची सरमिसळ होते आणि दोन्ही बाजूंचा गोंधळ उडतो.

ही घटना किती जुनी?

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा आहे. मंदिर ज्या काळ्या दगडात घडवले, तो बेसॉल्ट मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो लाव्हा वाहत होता तेव्हा पृथ्वीवर डायनासोर होते आणि जीवसृष्टी फार जुनी झाली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियातील खडकांत सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा आहेत. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे पहिल्या शंभर-सव्वाशे कोटी वर्षांतच कधी तरी जीव अवतरला.

नास्तिकांची मूळ भूमिका काय?

जीव हा पदार्थाच्या विशिष्ट मांडणीचा गुण आहे, त्यासाठी बाहेरून ‘प्राण’ फुंकावा लागत नाही, ही ती भूमिका. आपल्याकडे ती नवी नाही. चार्वाकांचे मूळ ग्रंथ उरलेले नाहीत, त्यांची मते मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात. पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चार भूतांच्या संयोगातून चैतन्य निर्माण होते, असे ते म्हणत. विडा खाल्ला की तोंड रंगते. पान, चुना, सुपारी यांपैकी एकातही तो लाल रंग नसतो, तो संयोगातून येतो, असा त्यांचा दाखला. अर्थात हा युक्तिवाद देहातील चैतन्याविषयी होता, पृथ्वीवरील पहिल्या जीवाविषयी नव्हता.

महाराष्ट्रात ही परंपरा विसाव्या शतकात पुन्हा मांडली गेली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे ‘जडवाद’ हे पुस्तक १९४१चे. वेदान्त शिकलेल्या पंडिताने जडवादाची बाजू मांडावी, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

याला विज्ञानाचा आधार कधी मिळाला?

शरीरातील द्रव्ये जीवाशिवाय तयारच होत नाहीत, असे पूर्वी मानत. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि त्या समजाला तडा गेला. १८६०च्या सुमारास लुई पाश्चर यांनी मात्र उकळलेल्या रश्शात जंतू आपोआप तयार होत नाहीत, हे दाखवले. ‘जीवापासूनच जीव’ हे पाश्चर यांनी सिद्ध केले, असे आस्तिक सांगतात, ते याच आधारावर. नास्तिकांचे म्हणणे असे, की बंद भांड्यात थोड्या काळात जंतू होत नाहीत एवढेच त्यातून दिसले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वेगळ्या वातावरणाबद्दल त्यातून काही ठरत नाही.

त्या वातावरणाचा विचार १९२४ मध्ये रशियाचे ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये ब्रिटनचे जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे केला. ऑक्सिजन नसलेल्या हवेत, सूर्याच्या ऊर्जेने साधी रसायने समुद्रात साचत गेली आणि त्यातून जीव आला, अशी ही कल्पना. हाल्डेन उघड नास्तिक होते. ते १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

प्रयोगात काय दिसले?

१९५३ मध्ये शिकागोत स्टॅन्ली मिलर यांनी हॅरॉल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली काचेच्या उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घेतली. विजेच्या ठिणग्या पाडल्या, वाफ थंड करून पुन्हा फिरवली. रसायन कारखान्यात काम केलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. आठवड्याभरात पाण्यात अमिनो आम्ले मिळाली. प्रथिने याच घटकांची बनतात.

आदिम हवेत बहुधा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त होते, हा आक्षेप पुढे आला आणि तो महत्त्वाचा आहे. मात्र असे घटक अवकाशातही तयार होतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत अमिनो आम्ले सापडली. ‘नासा’ने बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त क्षार आढळल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

पण रिॲक्टरला ऑपरेटर लागतोच ना?

आस्तिकांचा हा सर्वात नेमका प्रश्न. मिलर यांचे उपकरणही कोणी तरी जोडलेच होते. नास्तिकांचे उत्तर असे : ऑपरेटर उष्णता, दाब, प्रमाण ठरवतो. रेणू एकमेकांशी कसे जुळतील, हे तो ठरवत नाही, ते रेणूंच्या गुणधर्मांवर ठरते. पावसाळ्यात लोखंडी गेट गंजते, त्याला ऑपरेटर लागत नाही. ते गुणधर्म तरी कोणी दिले, असे विचारता येते. पण मग प्रश्न जीवाचा राहत नाही, विश्वाच्या नियमांचा होतो.

एवढे सगळे योगायोगाने कसे जुळेल?

भंगारातून वादळ गेले आणि विमान तयार झाले, असे कधी होईल का, हा फ्रेड हॉईल यांचा प्रसिद्ध दृष्टान्त. उत्तर असे, की अख्खी पेशी एका झटक्यात तयार झाली, असे कोणी म्हणतच नाही. पूर ओसरल्यावर उल्हास नदीच्या काठी गोटे एकीकडे आणि बारीक वाळू दुसरीकडे दिसते. कोणी निवडायला बसलेले नसते, तरी निवड होते. स्वतःची नक्कल करणारा रेणू एकदा तयार झाला, की जास्त टिकणाऱ्या नकला उरतात. आरएनए रेणू माहिती साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो, या शोधाला १९८९ मध्ये नोबेल मिळाले. त्यामुळे आधी आरएनए, मग पेशी, हा तर्क बळावला.

जीव बाहेरून आला असेल तर?

हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी जीव अवकाशातून आल्याची कल्पना मांडली. हॉईल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांनी ती तपासायला घेतली. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने आणले, त्यांत सूक्ष्मजीवांच्या खुणा आढळल्या. ते अवकाशातून आले की जमिनीवरून वर गेले, याचा निर्णय त्यातून लागला नाही. शिवाय जीव बाहेरून आला असे धरले, तरी तिथे तो कसा झाला, हा प्रश्न उरतोच.

मग नास्तिकांचे उत्तर पूर्ण आहे का?

नाही. निर्जीव रसायनांपासून स्वतःहून वाढणारी, विभागणारी पेशी अजून कोणीही प्रयोगशाळेत तयार केलेली नाही. ते ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ असे म्हणणारा नास्तिकही चूक करतो. ‘अजून माहीत नाही’ याचा अर्थ ‘देवाने केले’ असा होत नाही, एवढाच प्रामाणिक नास्तिकाचा दावा आहे. दुसरीकडे, जीव रसायनांतून आला म्हणून देव नाही, असेही सिद्ध होत नाही. देवाने निसर्गनियमांतूनच जीव घडवला, असे मानून हेच संशोधन करणारे श्रद्धावान शास्त्रज्ञही आहेत.

विद्यार्थ्यांशी याचा संबंध काय?

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मध्ये २०१८च्या पुस्तकात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्यातच हाल्डेन आणि मिलर यांची माहिती होती. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी याला पत्राद्वारे विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण जीवशास्त्र न घेणाऱ्या सीबीएसईच्या मुलांची शाळेत त्याच्याशी गाठच पडत नाही. बदलापूरच्या एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला हा प्रयोग माहीत असेल, दुसऱ्याला नसेल. देव मानायचा की नाही, हे दोघांनीही स्वतः ठरवावे. पण ठरवण्याआधी मिलर यांच्या उपकरणात काय झाले आणि काय झाले नाही, हे दोघांनाही कळायला हवे.