दुखू नये, पण स्नायू झोपू नये

मागच्या भागात तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू सोडवून नव्या जागी कसा शिवतात, ते आपण पाहिले. पण कितीही मोजूनमापून शिवला तरी डोळा नेमका कुठे स्थिरावेल याची हमी नसते. आधी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा थायरॉइडच्या विकाराने स्नायू आखडलेले असतील, तर अंदाज हुकण्याची शक्यता जास्त. म्हणून काही शल्यविशारद सरकगाठ मारून टाका कच्चा ठेवतात आणि रुग्ण नीट पाहू लागला की तो सैल किंवा घट्ट करतात. अमेरिकेतील आर्थर जॅम्पोल्स्की यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

खरी पंचाईत भूलतज्ज्ञाची. डोळ्याच्या बाजूने सुई देऊन भूल दिली तर दुखणे थांबते, पण स्नायूही लुळे पडतात. मग टाका जुळवायचा कशाच्या आधारावर? भुलीचा अंमल उतरेपर्यंत थांबावेच लागते. नुसत्या थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, पण स्नायू ओढल्याची खोल कळ जात नाही. म्हणून बहुतेकदा पूर्ण भूल देतात आणि प्रोपोफॉलसारखे लवकर उतरणारे औषध निवडतात. सक्सिनिलकोलिन मात्र टाळलेलेच बरे. बाकीचे शरीर त्याने सैल पडते, डोळ्याचे स्नायू उलट काही मिनिटे ताठतात.

स्नायू ओढताच हृदयाचे ठोके मंदावू शकतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून ठाऊक आहे. अशा वेळी भूलतज्ज्ञ ‘सोडा’ म्हणतो, शल्यविशारद हात थांबवतो आणि नाडी बहुधा सावरते. नाहीच सावरली तर अ‍ॅट्रोपिन. दुसरा त्रास मळमळीचा. या शस्त्रक्रियेनंतर उलट्या फार होतात आणि अफूवर्गीय वेदनाशामकांनी त्या वाढतात. म्हणून पॅरासिटामॉलवर भर देतात, जोडीला उलट्या रोखणारी ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन. रुग्ण ओकत असेल तर समोरच्या खुणेकडे टक लावून पाहणार कसा?

कारण टाका जुळवताना सगळी भिस्त त्या पाहण्यावरच असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला बसवतात, बधिर करणारे थेंब टाकतात. डॉक्टर एकेक डोळा झाकून बुबुळ हलते का ते बघतात, मग रुग्णाला आडवे करून चिमट्याने सरकगाठ थोडी सरकवतात. पुन्हा बसवतात, पुन्हा बघतात. ‘आता एकच दिसते’ असे रुग्ण म्हणाला की पक्की गाठ. या वेळी गुंगीचे औषध शक्यतो नकोच. पेंगुळलेला डोळा खरी जागा सांगत नाही. लहान मुले मात्र हे सहन करतीलच असे नाही. त्यांची तपासणी जागेपणी करतात आणि गाठ सरकवायची वेळ आली तर थोडा वेळ पुन्हा भूल देतात.

सुई पाहून तुम्हाला घेरी येत असेल, पूर्वी भुलीनंतर उलट्या झाल्या असतील किंवा हृदयाचे औषध चालू असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या आधीच भूलतज्ज्ञाला सांगा. आणि टाका जुळवताना दुखले तर गप्प बसू नका; थेंब पुन्हा टाकता येतात.