जुना संगणक आणि बेताचा खर्च

ज्या घरीं मुलगा संगणकावर खेळ खेळतो, तेथें एक मागणी हटकून होते: 'हें यंत्र जुनें झालें, नवें घ्या.' गृहस्थानें खिशांत हात घालण्यापूर्वीं कोणता भाग मागें पडतो आहे, तें पाहावें. परीक्षा सोपी आहे. खेळांतील चित्राचें रेझोल्यूशन कमी करावें. वेग लगेच वाढला, तर ग्राफिक्स कार्ड अपुरें पडत आहे. तसाच राहिला, तर दोष बहुधा प्रोसेसरचा. हें न पाहतां महागडें कार्ड घेणें म्हणजे लंगड्या बैलाच्या जोडीला खोंड जुंपणें होय.

२०१७ सालचा 'रायझन ५ १६००' प्रोसेसर घ्या. त्याचें सॉकेट एएम४ जातीचें. २०२२ सालीं निघालेला 'रायझन ५ ५६००' त्याच सॉकेटांत बसतो. मदरबोर्ड व रॅम यांचा खर्च वांचतो. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादींत १६०० नाहीं, ५६०० आहे. मात्र मदरबोर्डाच्या यादींत नवा प्रोसेसर आहे काय, तें श्रोत्यांनीं आधीं पाहावें, आणि जुना बसलेला असतांनाच बायॉस अद्ययावत् करावा. त्या वेळीं वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. वळवाच्या पावसांत हा उद्योग नको!

हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी घातल्यास खेळ लौकर उघडतो, पण चित्रांचा वेग त्यानें फारसा वाढत नाहीं. दुकानदार हें सांगेलच असें नाहीं. रॅमची एकच पट्टी असल्यास तशीच दुसरी जोडावी. एसएमपीएसमध्यें मात्र काटकसर करूं नये. मोठें कार्ड घेण्यापूर्वीं त्याचे वॉट पुरतात काय, तें तपासावें.