ऐकून घेणारा प्रकाशक

वृत्तपत्रवाल्याचं काम ऐकलेलं गावभर सांगणं; मनोविश्लेषकाचं काम ऐकलेलं स्वतःपाशीच ठेवणं. ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली यावर मुलांनो, तुमचा विश्वास बसेल? न्यूयॉर्कच्या एडविन फँचर यांनी ती केली. २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी तुम्हाला सांगावं असं मनात होतं.

दुसऱ्या महायुद्धात फँचर इटलीच्या डोंगरांत लढले. परतल्यावर न्यूयॉर्कच्या 'न्यू स्कूल'मध्ये मानसशास्त्र शिकायला गेले. तिथे नाव नोंदवायच्या रांगेत डॅन वुल्फ भेटले आणि मैत्री जमली. पुढे त्यांना कादंबरीकार नॉर्मन मेलर येऊन मिळाले. फँचर आणि मेलर यांनी प्रत्येकी ५,००० डॉलर घातले. ग्रेनिच व्हिलेज या लेखक-कलावंतांच्या वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये कचेरी थाटली, आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी 'व्हिलेज व्हॉइस' हे साप्ताहिक निघालं. किंमत ५ सेंट. वुल्फ संपादक, फँचर प्रकाशक.

सुरुवातीची वर्षं तोट्याचीच गेली. मेलर तर लवकरच रुसले. त्यांच्या सदरात 'न्युअन्सेस'च्या जागी 'न्यूसन्सेस' छापलं गेलं, आणि अशा मुद्रणदोषांना वैतागून त्यांनी सदर बंद केलं! फँचर मात्र छपाई, जाहिराती, पैशांची ओढाताण सांभाळत टिकून राहिले.

या पत्राची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिहिणारा व्यावसायिक पत्रकारच असला पाहिजे, हे वुल्फ यांना मुळीच मान्य नव्हतं. ज्याला खरंच काही सांगायचं आहे, त्यानं आपल्या पद्धतीनं लिहावं. जूल्स फायफर हा तरुण १९५६ मध्ये आपली व्यंगचित्रं घेऊन आला. मानधन द्यायला पैसे नव्हते, तरी तो फुकट काढत राहिला. त्याची पात्रं स्वतःच्या चिंता बोलत सुटतात, जणू मानसोपचारतज्ज्ञासमोर बसली आहेत. त्याच फायफरला १९८६ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला.

वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेतून मोठा रस्ता काढायचा बेत होता. मुलांना खेळायला तिथे नेणाऱ्या आया विरोधाला उभ्या राहिल्या. बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्यापुढे त्यांचं कोण ऐकणार? 'व्हॉइस'नं त्यांची बाजू लावून धरली. १९५८ मध्ये बाग मोटारींना बंद झाली. पुढे १९६२-६३ मध्ये शहरातल्या मोठ्या दैनिकांचा संप ११४ दिवस चालला, आणि 'व्हॉइस'चा खप वाढला.

१९७० मध्ये मालकी विकली गेली. १९७४ मध्ये पुन्हा मालक बदलले आणि फँचर, वुल्फ दोघांनाही बाहेर पडावं लागलं. वयाच्या पन्नाशीत आपण उभं केलेलं पत्र हातातून गेलं. पण मानसशास्त्र हाताशी होतं. मनोविश्लेषक म्हणून त्यांनी पुढची कित्येक वर्षं काम केलं.

मनोविश्लेषणात समोरच्यानं मनात येईल ते, येईल तसं बोलायचं असतं. अर्धवट वाक्य, जुनी आठवण, भलताच शब्द, सगळं चालतं. मध्येच 'नीट बोल' म्हणून कुणी टोकत नाही. मला वाटतं, फँचर यांची दोन्ही कामं इथे एक होतात. त्यांच्या पत्रानंही लोकांना असंच बोलू दिलं होतं.

इंदूरच्या आपल्या मंडळात अंकासाठी लेख मागितला, की मुलं म्हणतात, "काकू, माझी मराठी शुद्ध नाहीये." अरे, चार पिढ्या इथे राहिल्यावर घरच्या मराठीत हिंदी मिसळणारच! त्या भीतीनं तुम्ही गप्प बसलात, तर तुमच्या पिढीचं मन या अंकात कधी उमटणारच नाही. आजीशी बोलता तसंच लिहा. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही पाहून घेऊ. सांगायचं काय आहे, ते मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.