काचपात्रातील पाणवनस्पती व पाण्याची हालचाल

रेवदंड्यास कुंडलिका नदी समुद्रास मिळते. भरती-ओहोटीने खेळते राहणारे खाडीचे पाणी आणि तळ्यातील संथ पाणी यांतील भेद तेथील मुलांच्या परिचयाचा असतो. वर्गातील काचपात्रात पाणवनस्पती लावल्यास त्या भेदाचे महत्त्व समजाविता येते.

हायड्रिलासारखी पाण्यात बुडालेली वनस्पती अन्ननिर्मितीसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यातूनच घेते. हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट मंद पसरतो. पानालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो. त्यातील वायू पानाने शोषला की नवा पोहोचण्यास विलंब लागतो. पाणी हळुवार हलत राहिल्यास हा थर आणखी पातळ होतो व पानास वायू लवकर मिळतो. प्रवाह फार जोराचा असल्यास मात्र कोवळी पाने फाटतात आणि मुळे उखडतात.

शिक्षकांनी दोन बरण्यांत तळ्याचे सारखेच गोडे पाणी व सारख्या लांबीच्या फांद्या घेऊन त्या एकाच उजेडात ठेवाव्यात. एका बरणीतील पाणी दिवसातून अनेक वेळा हलकेच ढवळावे. डासांची पैदास होऊ नये म्हणून दोन्ही बरण्यांची तोंडे पातळ कापडाने बांधावीत. फांद्यांची लांबी दर आठवड्यास मुलांकडून मोजून घ्यावी. फरक दिसला नाही, तरी जे दिसले तेच वहीत लिहावे.

वनस्पती कोमेजल्यास मुलांच्या हेळसांडीस दोष देण्यापूर्वी प्रकाश, पाणी व पाण्याची हालचाल या तिन्हींची तपासणी मुलांसहच करावी. विज्ञानाचा पाठ तेथूनच सुरू होतो.